आपला देश आणि आमचा देश

प्रश्न थोडक्यात असा आहे: नॅशनल नॅरेटिव्ह, म्हणजे एखादा देश स्वतःबद्दल जी गोष्ट सांगत असतो ती, माणसाची ओळख नेमकी कशी घडवते? आणि "हा देश म्हणजे माझं घर" हे वाटणं खरं असतं का नुसतं शाळेत घोकून घेतलेलं असतं? विचारणारी मुलगी समाजशास्त्रात एम.ए. करतेय, व्याख्या तिला सगळ्या पाठ आहेत, पण "मॅडम, एक धड उदाहरण मिळत नाहीये" असं तिचं म्हणणं.

व्याख्यांच्या बाबतीत मी कच्ची आहे आधीच सांगते. माझं काम म्हातार्‍या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं, बावीस वर्षं झाली आता, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम एकाच समाजाचं आहे, आपले कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, म्हणजे ज्यांना आमच्याकडे अलिबाग-रेवदंड्याला अजूनही जुनी माणसं "शनवार तेली" म्हणतात. मी स्वतः ज्यू नाही, अलिबागजवळची आहे, लहानपणी शेजारी एक कुटुंब होतं ते एक दिवस घर विकून गेलं आणि माझ्या आजीने नंतर वर्षभर त्या बंद दाराकडे बघत "कशाला गेली ही माणसं, इथे काय कमी होतं" हे इतक्या वेळा म्हटलं की मी या कामात कशी पडले याचं उत्तर तेच आहे. तर उदाहरण मी यांचंच देणार, कारण एकाच माणसाच्या आयुष्यात दोन देशांच्या दोन गोष्टी येऊन एकमेकींवर आदळल्या की त्या गोष्टी कशा चालतात ते उघड दिसतं. एरवी ते दिसतच नाही हो, माशाला पाणी दिसत नाही तसं.

पण आधी एक मराठीची गंमत सांगते कारण माझी सगळी हत्यारं म्हणजे हीच. आपल्या भाषेत "आम्ही" वेगळं आणि "आपण" वेगळं. "आमचा देश" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला, "आपला देश" म्हटलं की ऐकणारा आत आला. हिंदीत हे नाही, इंग्रजीत नाही, हिब्रूतही नाही, तिथे सगळ्याला एकच शब्द, शेलानू. मी इंटरव्ह्यू ऐकताना वहीत दोन कॉलम करते, माणूस कुठे "आपलं" म्हणाला आणि कुठे "आमचं" म्हणाला, आणि खरं सांगते, देशाबद्दलची मोठमोठी वाक्यं सोडून फक्त हे दोन कॉलम बघितले तरी त्या माणसाचं घर कुठे आहे ते कळतं. इस्रायलमधल्या अश्दोदला एक आजी मला म्हणाल्या, "आपल्याकडे पाऊस कसा, चार-चार दिवस उघडीप नाही." आपल्याकडे म्हणजे रेवदंडा, जिथून त्या पन्नास वर्षांपूर्वी निघाल्या. आणि दहा मिनिटांनी त्याच आजी, "माझा नातू आपल्या सैन्यात आहे." हे आपलं सैन्य म्हणजे इस्रायलचं! त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही क्षणभर वाटलं नाही, घरी येऊन ऐकताना थांबले.

आता गोष्टीकडे येते. बेने इस्रायलांची मूळ गोष्ट अशी की फार फार पूर्वी एक जहाज कोकणच्या किनार्‍याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं लाटांबरोबर आली ती नवगावला पुरली, पुरुष वेगळे बायका वेगळ्या. नवगावला ती जागा आजही दाखवतात, स्मारक आहे. धर्मग्रंथ सगळे समुद्रात गेले, लक्षात राहिली फक्त "शमा इस्राएल" ही प्रार्थना. हे कधी घडलं? हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला तेव्हा ते इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास, राजा अँटायोकसच्या छळातून सुटून आलेले लोक असं मांडलं, बाकीच्यांनी दुसरी शतकं सांगितली. मला तारखेत इंटरेस्ट नाही. मला इंटरेस्ट यात आहे की शेजारच्याच चित्पावनांची मूळ कथासुद्धा किनार्‍याला वाहून आलेल्या चौदा प्रेतांचीच आहे, परशुरामाने जिवंत केलेल्या. सात अधिक सात चौदा! कोणी कोणाकडून घेतलं यावर वाद घालत बसणारे बसतात, माझ्या मते मुद्दा असा की कोकणात "तुम्ही कोण" या प्रश्नाचं पटणारं उत्तर देण्याची एक ठरलेली पद्धत होती, समुद्राने आणून टाकलं आणि जमिनीने ठेवून घेतलं, आणि या लोकांची गोष्ट त्या साच्यात बसली म्हणून ते कोकणाला कळले. गोष्ट खरी असावी लागत नाही असं मी म्हणत नाहीये, पण ती शेजार्‍याला ओळखीची वाटावी लागते, तरच तिच्यात राहता येतं.

आणि ते राहिले, कसे राहिले तर इतके आरामात की त्यांचं वेगळेपण एका ओळीत मावायचं. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. बस. आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर, केहिमकर, नवगावकर, दिवेकर. नावं तर अशी की सॅम्युएलचा झाला सामाजी आणि एझेकिएलचा हासाजी, मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ साली बांधणारे गृहस्थ सामाजी हासाजी दिवेकर, आता हे नाव वाचून कोणाला शंका येईल का सांगा. त्या प्रार्थनास्थळाला मराठीत ते मशीदच म्हणायचे, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं सांगतात. सणांची नावं तर ऐकाच. रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस, म्हणजे दरफाळणी, त्याच्या दुसर्‍या दिवशीचा शिळा सण, शिवाय खिरीचा सण, आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाला नाव काय, तर बिरड्याचा सण! कारण त्या दिवशी बिरडं खायचं. म्हणजे ज्यू लोकांच्या अख्ख्या इतिहासातली सगळ्यात मोठी जखम, ती कोकणात वालाच्या बिरड्याच्या रूपाने लक्षात राहिली. मला हे फार आवडतं. हसू येतं म्हणून नाही, बाराव्या-तेराव्या पिढीला जेरुसलेम माहीत नसताना बिरडं माहीत होतं, आणि बिरड्याने ती तारीख सांभाळून ठेवली म्हणून.

मग मोठी गोष्ट, म्हणजे जगभरच्या ज्यू लोकांची हद्दपारीची आणि परतीची गोष्ट, ती यांच्याकडे आली कुठून? थोडी कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांकडून आणि बरीचशी, आता हे ऐकून माझ्या इस्रायली ओळखीतले लोक चिडतात पण, मिशनर्‍यांकडून. एकोणिसाव्या शतकात मुंबईत स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, बायबलच्या जुन्या कराराचं, म्हणजे ज्यूंच्याही धर्मग्रंथाचं, मराठी भाषांतर छापलं, हिब्रू शिकवली. हेतू धर्मांतराचा होता, तो फार काही साधला नाही, पण झालं असं की या लोकांनी स्वतःच्या पूर्वजांची गोष्ट सलग अशी पहिल्यांदा वाचली ती छापील मराठीत. आणि वाचून काय केलं, तर कीर्तनं केली! १८८० च्या आसपासपासून बेने इस्रायलांची मराठी कीर्तनं सुरू झाली, अब्राहाम, योसेफ, मोशे, सगळे ओव्या-साक्या-दिंड्यांत. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाची, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाची, पोथी, हगादा, हिब्रू-मराठी छापली गेली. ओळख घडते म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हे सांगते, दूरची गोष्ट जवळच्या चालीवर बसवली जाते. चाल जवळची नसती तर ती गोष्ट नुसती माहिती राहिली असती.

आणि एवढं होऊनही त्यांना कुठे जायचं नव्हतं. १८९७ साली स्वित्झर्लंडमध्ये बासलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश हवा म्हणणार्‍यांची परिषद, भरली, यांना बोलावणं गेलं, यांनी नम्रपणे नाही म्हटलं, परत न्यायचं ते देव नेईल आम्ही त्याची वाट बघतोय असं काहीसं कळवलं. मला नेहमी वाटतं की यात भक्ती होती तितकीच सोयही होती. देव नेईल म्हणजे आज नाही ना, मग भात लावून घेऊ.

सगळं बदललं ते १९४७-४८ ला, आणि इथे माझा खरा मुद्दा येतो. नॅरेटिव्ह बदललं की आधी माणूस बदलत नाही, आधी शेजार्‍याचा प्रश्न बदलतो. फाळणी झाली, धर्माला देश असतो ही कल्पना हवेत होती, आणि लगेच मे १९४८ मध्ये इस्रायल झालं. माझ्याकडे या पिढीची चाळीसेक रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यातल्या कितीतरी जणांनी एकच आठवण वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: ऑफिसात, पोस्टात, रेल्वेत, चाळीच्या जिन्यात कोणीतरी अगदी प्रेमाने विचारलं, "काय मग, तुमचा देश झाला म्हणे, कधी निघणार?" छळ नाही, शिवी नाही, प्रेमाने विचारलेला प्रश्न. पण त्यात "तुमचा" होता. आदल्या वर्षीपर्यंत तो शब्द तिथे नव्हता. एक रेल्वेतले काका म्हणाले, "मला तोपर्यंत वाटत होतं स्वातंत्र्य आपल्याला मिळालं." एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला उठले, मी रेकॉर्डर चालू ठेवला, टेपवर नुसता तांब्याचा आवाज आहे.

(कंसात एक. सावरकरांनी १९२३ मध्ये हिंदूची व्याख्या केली ती पितृभू आणि पुण्यभू दोन्ही इथेच असलेला अशी. त्या मापाने सामाजी दिवेकरांची पितृभू ही म्हणायची की नाही यावर भांडता येईल पण पुण्यभू मात्र निश्चित तिकडे. म्हणजे माप लावणारा सज्जन असो नसो, माप एकदा तयार झालं की ते लावून बघायचा मोह होतोच, आणि आयुष्यभर ज्याला कोणी मोजलं नाही त्याला अचानक आपली उंची कळते.)

मग लोक गेले. का गेले याचं एक कारण नाही, इंग्रजांच्या वेळच्या रेल्वे-पोस्टातल्या नोकर्‍यांचं पुढे काय होईल याची धाकधूक होती, तरुणांना नवीन देशाचं आकर्षण होतं, म्हातार्‍यांना धर्माचं, आणि एकदा भाऊ गेला की बहीण जाते, हे तर काय आखातात जाणार्‍यांनाही माहीत आहे. तिकडे त्यांची वाट बघत होती दुसरी गोष्ट, आणि ती गोष्ट जबरदस्त होती यात वाद नाही. इस्रायलच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सुरुवातच इतिहासाने होते, ही भूमी ज्यू लोकांची जन्मभूमी, इथून आम्हाला बळाने घालवलं, जगभर विखुरलो तरी परतायची आशा सोडली नाही. पुढे १९५० चा परतीचा कायदा, जगातल्या कुठल्याही ज्यू माणसाने यावं आणि नागरिक व्हावं. शब्दसुद्धा बघा, तिथे स्थायिक व्हायला जाणं म्हणजे "आलिया", चढणं. देश सोडून जाणं म्हणजे "येरिदा", उतरणं. तुम्ही साधं स्थलांतर करूच शकत नाही, तुम्ही एकतर चढता नाहीतर उतरता. भाषेतच नॅरेटिव्ह पेरलेलं असलं की माणसाला वेगळा प्रचार करावा लागत नाही.

पण या गोष्टीला एक कथानक होतं, हद्दपारी, मग छळ, मग सुटका. युरोपातून आलेल्यांनी हे कथानक कातडीवर भोगलं होतं, येमेन-इराककडच्यांचंही बसवता येत होतं. आमच्या पेणकर-रोहेकरांचं काय? "तुमचा छळ कोणी केला?" "कोणी नाही." "मग आलात का?" अहो, या प्रश्नाला उत्तर नव्हतं! एका बाईंनी मला सांगितलं की हिब्रूच्या वर्गात प्रत्येकाने आपली सुटकेची कहाणी सांगायची होती आणि यांनी सांगितलं की आम्ही बोटीने आलो, स्टेशनावर निम्मी आळी पोचवायला आली होती, सगळे रडत होते, तर वर्गात शांतता. शिक्षिकेला कळेना ही गोष्ट कुठल्या खणात ठेवायची. राष्ट्राची गोष्ट जेव्हा म्हणते की या, हे तुमचं घर, तेव्हा बारीक अक्षरात असंही म्हणत असते की तुमचं आयुष्य या गोष्टीत बसतंय का ते आधी बघू.

बसलं नाही तर काय होतं ते दोनदा दिसलं. पहिल्यांदा १९५१-५२ ला, बीरशेबाला ठेवलेल्या काही कुटुंबांनी धरणं धरलं, उपोषण केलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून. त्यांच्या तक्रारींत एक होती की दुकानात आम्हाला पांढरा पाव देत नाहीत, तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा म्हणतात. सत्याग्रह करायचा कसा हे ते नुकतंच बघून आले होते ना, आता गांधीजींच्या देशातून गेलेली माणसं, दुसरं काय करणार. शेवटी शंभराहून अधिक जणांना परत पाठवलं. आणि यातले बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला जायचं म्हणून मागे लागले! याला लोक हसतात. मला हसू येत नाही. मुंबईला परत आल्यावर कळलं असणार की खोली गेली, नोकरी गेली, आणि "तुमचा देश" वाला प्रश्न जिन्यात अजून उभा आहे, आता त्याच्या जोडीला "परत का आलात" हाही. (आणि प्रामाणिकपणासाठी हेही सांगायला हवं की रंगावरून भेद यांच्यात आधी नव्हता असं नाही, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल ही विभागणी कोकणातलीच, त्यांचं आपसात लग्न होत नसे. आपल्याकडून दुसरं काय शिकणार म्हणा.)

दुसर्‍यांदा झालं ते जास्त खोल गेलं. तिथे लग्न धर्मपीठाच्या हातात, आणि काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलांची लग्नं लावायला नकार द्यायला सुरुवात केली. कारण काय, तर हे लोक शेकडो वर्षं बाकीच्या ज्यू जगापासून तुटलेले, यांच्यात धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट होत नव्हता, मग पूर्वी कोणाचं दुसरं लग्न झालं असेल तर ते वैध होतं का, मधे कोणी बाहेरचं मिसळलं का. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने लग्नं लावा असं म्हटलं आणि लगेच १९६२ मध्ये नियम काढला की लावण्याआधी आईच्या बाजूने जितकं मागे जाता येईल तितकं जाऊन चौकशी करा. आता कोकणातल्या तेल्याच्या पणजीच्या आईचा दाखला कुठून आणायचा! विमानतळावर "आपले लोक आले" म्हणून मिठी मारलेली माणसं मुलीचं लग्न ठरलं की "तुमच्यात नेमकं काय चालायचं" विचारू लागली. आपले चे तुमचे झाले, या खेपेला दुसर्‍या देशात. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं, ज्यू एजन्सीच्या, म्हणजे बाहेरच्या ज्यूंना आणून वसवणार्‍या संस्थेच्या, दारात बायकामुलांसकट ठिय्या, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, खास अधिवेशन घेऊन जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. धर्मपीठाने मग नियमातून त्यांचं नाव काढलं.

विजय झाला, खरं आहे. पण त्या पिढीला जे लागलं ते वेगळंच होतं आणि ते मला एका आजोबांनी नीट सांगितलं. म्हणाले, "कोकणात आम्ही ज्यू आहोत हे आम्हाला कधी सिद्ध करावं लागलं नाही, शनिवारी घाणा बंद दिसला की संपलं. सिद्ध करायला लागलं ते ज्यूंच्या देशात."

विद्यार्थिनीसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम घालते कारण अभ्यासात ती बर्‍याचदा वेगळ्या चॅप्टरमध्ये टाकतात. यांना जिथे वसवलं त्या गावांची नावं बघा, बीरशेबा, लोद, रामला. ही रिकामी गावं नव्हती. बीरशेबा ऑक्टोबर १९४८ मध्ये इस्रायलच्या ताब्यात आलं, लोद आणि रामला जुलै १९४८ मध्ये, आणि तिथल्या हजारो पॅलेस्टिनी लोकांना घालवून दिलं गेलं. एकूण सुमारे ७ लाख लोक त्या काळात बेघर झाले, त्यांच्या गोष्टीत १९४८ चं नाव नकबा, म्हणजे अरिष्ट, आणि गेलेल्या घरांच्या किल्ल्या कित्येक कुटुंबांनी अजून जपून ठेवल्यात. एकाची परतीची गोष्ट आणि दुसर्‍याची हद्दपारीची, एकच साल, एकच गल्ली. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एका बाईंनी लोदच्या पहिल्या घराचं वर्णन करताना अंगणातल्या अंजिराच्या झाडाबद्दल खूप सांगितलं आणि मी विचारलं झाड कोणी लावलं होतं? त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आधीच होतं." मीही पुढे विचारलं नाही, विचारायला हवं होतं. कुठल्याही देशाच्या गोष्टीत असं एक "आधीच होतं" असतं, आपल्याही.

आपल्याही म्हणाले म्हणून आपल्या गोष्टीबद्दल. भारत या सगळ्यात स्वतःबद्दल एक छान गोष्ट सांगतो, ज्यूंचा जगभर छळ झाला पण भारतात कधी झाला नाही. बेने इस्रायल स्वतः ही गोष्ट मनापासून सांगतात आणि त्यांच्यापुरती ती खरी आहे, मी त्यावर शंका घेत नाही. पण थोडं खाली गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० मध्ये इन्क्विझिशन आणलं, बाटवलेले ज्यू हे तिचं एक मुख्य लक्ष्य, गार्सिया दा ओर्ता या नामवंत वैद्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जाळलं आणि त्याची स्वतःची हाडं मेल्यावर उकरून १५८० मध्ये जाळली. "ते पोर्तुगीजांनी केलं, आपण नाही" हे उत्तर बरोबरच आहे, फक्त त्यातला "आपण" कोण आणि गोवा त्यात कधी धरायचा कधी नाही हे आपण सोयीने ठरवतो, एवढंच लक्षात असू दे. आणि त्रास न देणं म्हणजे आपलं मानणं असंही नसतं. इतकी वर्षं फॉर्मवर धर्माच्या रकान्यात हे "इतर" मध्ये टिक करत आले, महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, तोवर राज्यात उरले होते किती, मोजकेच. पूर्ण देशात आज पाच हजारांच्या आसपास. इस्रायलमध्ये भारतातून गेलेले सगळे ज्यू धरून ८५ हजारांच्या घरात, त्यात बहुतेक आपलेच मराठी.

आणि आता तिकडे काय चित्र आहे, तर अश्दोद, लोद, दिमोना इथे १ मे ला महाराष्ट्र दिन होतो. मायबोली नावाचं मराठी नियतकालिक १९८० च्या दशकात सुरू झालं. दिमोनाला मसाल्याची दुकानं आहेत, क्रिकेट आहे, अख्ख्या इस्रायलमध्ये क्रिकेट टिकवलं कोणी तर मुख्यतः भारतातून गेलेल्यांनी. आणि मलिदा आहे. पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, ताट भरायचं आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घ्यायचं, नवस फेडायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (लोणावळ्याचं नव्हे) एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं मानतात. इस्रायलमध्ये एलिया प्रेषिताची खरीखुरी, बायबलमधली ठिकाणं असताना तिकडची माणसं सुट्टीत इकडे येऊन खंडाळ्याच्या खडकाला नवस बोलतात! पवित्र भूमीतून कोकणात यात्रेला येणारे जगात हे एकटेच असतील. पितृभू-पुण्यभू वाल्यांनी याचं काय करायचं ते करावं.

समाजात एक वाक्य फार चालतं, "भारत आमची मातृभूमी, इस्रायल पितृभूमी." पाहुणे आले, कॅमेरा आला, राजदूत आला की हे वाक्य येतंच. वाईट वाक्य नाही, पण माझ्या अनुभवात ते दार आहे, घर नाही. इंटरव्ह्यूच्या पहिल्या वीस मिनिटांत ते बोलून होतं, मग चहा होतो, मग खरं बोलणं सुरू होतं. तर पोरी, तुझ्या प्रोजेक्टसाठी सांगायचं तर "तुम्हाला भारतीय वाटतं की अमुक" असं कधी विचारू नकोस, छापील उत्तर मिळेल. विचार की भांडण झालं की शिवी कुठल्या भाषेत येते, स्वप्नातलं घर कुठलं दिसतं, मेल्यावर पुरायचं कुठे. आणि आपलं-आमचं चे दोन कॉलम कर. "खरं की शिकवलेलं" हा तुझा प्रश्न मला थोडा चुकीचा वाटतो, बिरडंही कोणीतरी शिकवलेलंच असतं. मी उलट हे बघते की शिकवलेली गोष्ट माणूस कोणी विचारलं नसताना, एकटा असताना, स्वतःशी वापरतो का. वापरत असेल तर ती त्याची झाली.

शेवटी एक प्रसंग सांगते, तो मी कुठे लिहिला नाही अजून. काही वर्षांपूर्वी एक आजी इस्रायलहून आपल्या विशीतल्या नातवाला घेऊन आल्या, नुकतंच त्याचं सैन्यातलं संपलं होतं, त्याला आजीचं जन्मघर बघायचं होतं. मी बरोबर होते. इस्रायल आळीत फिरलो, पत्ता सापडेना, नंबर बदललेले, शेवटी एका घराच्या उंबर्‍यावरून आजींनी ओळखलं. आत दुसरं कुटुंब राहतं आता, त्यांनी यांच्या वडिलांकडूनच ते विकत घेतलेलं. मालक बाहेर आले, आजींनी सांगितलं कोण ते, आणि त्यांनी आपण सगळे म्हणतो तसं सहज म्हटलं, "अहो मग बाहेर काय उभ्या, या आत, आपलंच घर आहे."

आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. नातवाने विचारलं काय म्हणाले, तर त्यांनी हिब्रूत सांगितलं, शब्दाला शब्द. तो चक्रावून घराकडे बघत राहिला, मालकांकडे बघितलं, मग आजीला म्हणाला, आपलं आहे तर आपण ते विकलं कशाला?

"काय म्हणतोय?" मालकांनी विचारलं.

"काही नाही," आजी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चहा घेईन म्हणतोय."